टुरिंग बाइकचा काढता-घालता येणारा डबा: आधी प्लेट, मग पत्रा

हा माझा तिसरा डबा आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे काही शहाणपण सांगेन ते कुठून आलंय ते कळेल. गाडी रॉयल एन्फील्ड हिमालयन ४११. पहिला डबा १८ गेजच्या लोखंडी पत्र्याचा, ओळखीच्या एका फॅब्रिकेटरकडून करून घेतला होता, खालून चार बोल्ट आणि चार विंग नट. रिकामाच सात किलोच्या आसपास. दापोलीला लॉजवर पोचलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ, पाऊस धो धो, आणि ते विंग नट चिखलाने असे लिंपलेले की बोटांनी हलेनात, टॉर्च तोंडात धरून दहा मिनिटं गाडीखाली झटापट केली आणि शेवटी कपडे कॅरीबॅगमध्ये भरून वर घेऊन गेलो. डबा काढता येण्यासारखा होता, हो, पण कागदावर.

दुसरा अ‍ॅल्युमिनियमचा, दिसायला एकदम चकाचक. तो वरंधा घाट उतरून आल्यावर धुवायला घेतला तर तळाला दोन भोकांभोवती चांदणीसारखे तडे. बोल्ट ठणठणीत, पत्रा फाटलेला.

या दोन डब्यांनी एकच गोष्ट शिकवली. आपण सगळे डब्यापासून सुरुवात करतो, किती लिटरचा, रंग कुठला, कुलूप कसलं. खरं डिझाइन असतं ते डबा आणि गाडी जिथे भेटतात त्या जागेचं. ती जागा नीट जमली तर वरचा डबा प्लायवुडचा असला तरी चालतो. म्हणून हा लेखसुद्धा मी त्याच क्रमाने लिहितोय.

आधी सामान जमिनीवर मांडा

कागद-पेन्सिल नंतर. आधी जे डब्यात घालायचंय ते खरंच जमिनीवर मांडा आणि वजनकाट्यावर ठेवा. माझं म्हणाल तर रेनकोट, पंक्चर किट, हवेचा छोटा पंप, जेवणाचा डबा, दोन दिवसांचे कपडे, आणि मुक्कामी पोचल्यावर एक फुल-फेस हेल्मेट. एवढ्याला बाहेरून ४० सेंमी रुंद, ३६ सेंमी खोल आणि ३० सेंमी उंच डबा पुरतो, म्हणजे साधारण ४३ लिटर. दोन हेल्मेट मावायलाच हवीत हा हट्ट असेल तर डबा बराच मोठा होतो, आणि मोठा डबा झाला की माणूस तो भरतोच, हे मी स्वतःवरून सांगतो. आतल्या सामानाला मी आठ किलोची मर्यादा ठेवलीय. गाडीच्या कॅरिअरची स्वतःची मर्यादा मॅन्युअलमध्ये किंवा कॅरिअरवरच्या स्टिकरवर दिलेली असते, ती डबा, प्लेट आणि सामान सगळं धरून मोजायची, नुसतं सामान नाही. तुमच्या गाडीचा आकडा कमी असेल तर माझे आठ किलो विसरा, तुमचा आकडा खरा.

आता वजन नक्की कुठे बसतं ते बघू. गाडी सेंटर स्टँडवर लावा आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या रेषेत ओळंबा सोडा, गवंड्याचा नसेल तर दोऱ्याला नट बांधा. ओळंब्याच्या मागे डब्याचा मध्य किती सेंमी जातोय ते टेपने मोजा. समजा डबा आणि सामान मिळून १३ किलो आणि त्याचं केंद्र अ‍ॅक्सलच्या २० सेंमी मागे. हिमालयन ४११ चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर, १४६५ मिमी आहे, म्हणजे १३ गुणिले २० भागिले १४६.५, पुढच्या चाकावरून पावणेदोन किलो उचलले गेले. हा आकडा ऐकून कुणी म्हणेल एवढंच ना, आणि उभ्या गाडीला ते खरंच आहे. पण गाडी वळवताना, ट्रकच्या वाऱ्यात सापडल्यावर किंवा ८०-९० च्या पुढे गेल्यावर मागचं वजन शेपटासारखं हलतं, आणि ही शेपूट किती जड वाटणार ते अंतराच्या वर्गावर ठरतं. गाडीच्या गुरुत्वमध्यापासून डबा ५० सेंमीवर होता तो ७० वर नेला तर वजन तेवढंच राहून हा परिणाम जवळपास दुप्पट होतो. म्हणून डबा जेवढा पुढे आणि जेवढा खाली बसेल तेवढा बसवा. पाच लिटर कमी चालतील, पण पाच सेंमी मागे नको.

पुढे किती सरकवायचा याचं उत्तर टेपने मिळत नाही. मागे बसणाऱ्या माणसाला रायडिंग जॅकेट घालून बसवा. मी बायकोला बसवलं, तिने पाठ सैल सोडली आणि मग तिच्या पाठीमागे तीन बोटं जागा सोडून खूण केली. आधी मी अंदाजानेच केलं होतं आणि चारशे किलोमीटर तिच्या कमरेत झाकणाची कड टोचत होती, त्यावर काय ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही.

पुठ्ठ्याचा डबा

टीव्हीचा किंवा पंख्याचा खोका फाडून त्या मापाचा पुठ्ठ्याचा डबा करा आणि पॅकिंग टेपने कॅरिअरवर चिकटवा. अर्धा तास जातो आणि हजारो रुपयांच्या चुका वाचतात. पुठ्ठा लावून पाय टाकून गाडीवर चढून बघा, बूट अडकतो का. साइड स्टँडवर लावा, पार्किंगमधून मागे ढकला. मित्राला दहा फूट मागे उभं करा आणि एकदा स्कूटरवर, एकदा उंच गाडीत बसल्यासारखं बघायला सांगा, टेललाइट, इंडिकेटर आणि नंबरप्लेट पूर्ण दिसली पाहिजे. झाकण उघडल्यावर सीटवरच्या बॅगला लागतं का तेही पुठ्ठ्यावरच कळतं.

मापं ठरवताना कायदाही इथेच बघून घ्या. २०२० मध्ये केंद्राने दुचाकीवरच्या हलक्या डब्यासाठी नियम घातला, लांबी ५५० मिमी, रुंदी ५१० मिमी, उंची ५०० मिमीच्या आत. डबा मागच्या सीटच्या जागेवर बसवला तर फक्त चालवणाऱ्याने जायचं, सीटच्या मागे बसवला तर मागे माणूस चालतो. आपला डबा यात आरामात बसतो. गाडीची चॅसी कापणे, वेल्डिंग मारणे असले उद्योग मात्र करू नका, जे काही बसवायचं ते कंपनीच्या भोकांना बोल्टने, म्हणजे उद्या काढलं तर गाडी जशीच्या तशी.

प्लेट आणि हुक: इथे घाई नको

काढता-घालता येणाऱ्या डब्याला माझ्या चार अटी आहेत. अंधारात, थकलेल्या हातांनी, एका मिनिटाच्या आत निघाला पाहिजे. बसलेला असताना अजिबात खडखडू नये. झाकणाला कुलूप असेल तर दुसऱ्या कुणाला काढता येऊ नये. आणि एक पकड सुटली तरी डबा रस्त्यावर पडता कामा नये, कारण मागून येणाऱ्याच्या अंगावर तो जाणार आहे.

बरेच प्रकार करून झाल्यावर मी ज्यावर स्थिरावलो ते असं. कॅरिअरवर कायमची बसलेली ५ मिमी अ‍ॅल्युमिनियमची प्लेट, साधारण ३०० बाय २८० मिमी. तिला पुढच्या बाजूला दोन खाचा, प्रत्येकी ३० मिमी रुंद आणि २८ मिमी लांब. डब्याच्या तळाला पुढे दोन झेड आकाराचे हुक, २५ बाय ५ च्या लोखंडी पट्टीचे, जीभ पुढच्या दिशेला २० मिमी. डबा पुढची बाजू खाली करून तिरका धरायचा, जिभा खाचेत सोडायच्या, डबा पुढे सरकवायचा आणि मागची बाजू खाली बसवायची. मागे डब्याच्या आतून दोन एम८ चे (८ मिमी बोल्टचे) हाताने पिळायचे स्टार नॉब, ते तळातून जाऊन प्लेटखालच्या नटात बसतात. नॉब डब्याच्या आत असल्यामुळे झाकणाला कुलूप लागलं की खालचं आपोआप बंद, वेगळं कुलूप नको, किल्ली हरवायचा प्रश्न अर्धा झाला.

जीभ पुढेच का? ब्रेक मारला की डबा पुढे जायला बघतो, म्हणजे हुक आणखी घट्ट बसतो आणि तो भार खाचेची कड घेते. उलटं केलं असतं तर प्रत्येक ब्रेकला डबा सुटायच्या दिशेने गेला असता. मागे जाण्यापासून नॉब अडवतात, आणि नॉब दोन असल्यामुळे एक ढिला झाला तरी दुसरा धरून ठेवतो. शिवाय मी डब्याच्या हँडलमधून कॅरिअरच्या पाइपला एक छोटा नायलॉनचा पट्टा घालतो, बकल असलेला. तो भार घेत नाही, फक्त दोन्ही नॉब गेले तर डबा गाडीलाच लोंबकळत राहावा म्हणून. मित्र हसतात, हसू देत.

प्लेटची लांबी ठरवताना एक साधं गणित करा. खड्ड्यात चाक आपटलं की सामानाचं वजन काही क्षण तिप्पट झालंय असं मी धरतो, म्हणजे १३ किलोचे ३९, चाळीसच म्हणू. डब्याचं केंद्र प्लेटच्या मागच्या कडेच्या ५ सेंमी मागे लटकत असेल आणि हुक त्या कडेपासून २५ सेंमी पुढे असतील तर दर खड्ड्याला हुक ८ किलोने वर उपटले जातात. हेच केंद्र प्लेटच्या आत आणलं तर भार सरळ प्लेटवर बसतो आणि हुकांना त्या धक्क्यात काम राहत नाही. त्यामुळे प्लेट डब्याच्या मध्याच्या पुढे संपत असेल तर ती लांब करा, हुक जाड करून उपयोग नाही.

प्लेट कॅरिअरवर थेट टेकवायची नाही. जिभा प्लेटच्या खाली जायला जागा लागते म्हणून १२ मिमीचे स्पेसर घालून प्लेट उचला. बोल्ट ८.८ ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीच्या स्टीलचे, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज ढिले न होणारे), खाली मोठे वायसर. नॉबसाठी प्लेटमध्येच आटे पाडू नका, अ‍ॅल्युमिनियमचे आटे रोजच्या काढ-घालीत झिजतात. ३ मिमी लोखंडी पट्टीवर एम८ चे नट वेल्ड करून ती पट्टी प्लेटखाली बोल्टने लावा, झिजली तर पट्टी बदलायची.

आता खडखड. डबा आणि प्लेट यांच्यात १ मिमी जरी फट राहिली तरी ती हातोड्याचं काम करते, आणि दोन-तीन ट्रिपांत भोकं अंड्यासारखी लांबट होतात. यावर औषध म्हणजे दाब. प्लेटवर चार कोपऱ्यांत ४ मिमी जाड रबराच्या चकत्या लावा आणि हुकाची आतली उंची अशी ठेवा की डबा बसल्यावर रबर ३ मिमीपर्यंत दाबलं जाईल. ५ मिमी प्लेट अधिक ३ मिमी रबर म्हणजे हुकाच्या आत बरोबर ८ मिमी. नॉब पिळले की मागचं रबरही दबतं, आणि हेच दबलेलं रबर नॉबला उलट ताण देऊन ढिला होऊ देत नाही. एम८ ला एका फेऱ्यात १.२५ मिमी मिळतात, म्हणजे आठ फेऱ्यांत १ सेंमी. एवढे आटे भरपूर झाले, उगाच लांब बोल्ट ठेवू नका, नाहीतर पावसात उभं राहून पिळत बसाल. नॉब सुटल्यावर हरवू नये म्हणून तळाच्या खालच्या बाजूने बोल्टवर एक ओ-रिंग, म्हणजे रबराची कडी, चढवा, ती त्याला भोकातच धरून ठेवते आणि पाणीही अडवते.

दुसऱ्या डब्याला तडे का गेले तेही इथेच सांगतो, कारण हा मुद्दा सगळ्यात जास्त लोक सोडून देतात. एम६ चा ८.८ ग्रेडचा बोल्ट हजार किलोच्या वर ताण सहन करतो. तो तुटत नसतो. तुटतो तो त्याच्या वायसरच्या कडेचा पातळ पत्रा, कारण सगळा भार नाण्याएवढ्या जागेवर येतो आणि तिथेच पत्रा लाखो वेळा थोडा थोडा वाकतो. म्हणून हुकांच्या बोल्टखाली आतल्या बाजूने ३ मिमी जाड आणि ५० मिमी रुंद अ‍ॅल्युमिनियमची पट्टी डब्याच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत घाला. मागच्या नॉबखालीही तशीच एक. या दोन पट्ट्यांचं वजन पाव-अर्धा किलो, पण डब्याचं आयुष्य त्यांच्यावर आहे. पट्टीच्या कडा कानशीने गोल करा, धारदार कडेवरूनच नवीन तडा सुरू होतो.

पत्रा कुठला

४०-३६-३० च्या डब्याचं एकूण क्षेत्रफळ पाऊण चौरस मीटरला जरासं कमी भरतं. त्यावरून नुसत्या पत्र्याचं वजन असं येतं: २ मिमी अ‍ॅल्युमिनियम ४ किलो, १.५ मिमी अ‍ॅल्युमिनियम ३ किलो, १ मिमी लोखंड ५.८ किलो, ९ मिमी मरीन प्लाय सव्वाचार-साडेचार किलो. घड्या, पट्ट्या, बिजागरी, कुलूप यांचा आणखी किलोभर धरा.

मी १.५ मिमी अ‍ॅल्युमिनियम, ५०५२ ग्रेड, एच३२ टेम्पर (पत्रा किती कडक केलाय ते) घेतला. दुकानदार ६०६१ देतो म्हणाला, "साहेब, जास्त ताकदीचा आहे," आणि ताकदीला तो आहेच, पण टी६ या कडक टेम्परमध्ये घडी घालताना बाहेरच्या बाजूने तडकतो. घडीच्या कामाला ५०५२, आणि सपाट प्लेटला ६०६१, असं वाटून घ्या. घडीची आतली गोलाई निदान पत्र्याच्या जाडीइतकी ठेवायला सांगा.

प्लायला नाक मुरडू नका. आयएस ७१० शिक्का असलेलं मरीन प्लाय, कोपऱ्यांवर फायबरग्लासची पट्टी आणि रेझिन, वर रंग, आणि घरच्या ड्रिल-करवतीवर काम होतं. फक्त कापलेल्या कडा आणि प्रत्येक भोक आतून रेझिनने बंद करायचं, पाणी कडेतूनच शिरतं. ज्यांच्याकडे बेंडिंगची सोय नाही त्यांनी हाच रस्ता धरावा असं माझं मत.

कापणी आणि घडी

पुण्यात असाल तर भोसरी एमआयडीसीच्या बाजूला लेझर कटिंग आणि बेंडिंग करणारे भरपूर आहेत, एकटा डबा करायला काही जण कटकट करतात, शनिवारी दुपारी जा, काम कमी असतं. नट-बोल्ट, रिव्हेट, रबर बीडिंग, लॅच हे सगळं रविवार पेठेत बोहरी आळीत एका फेरीत मिळतं. जाताना नमुना खिशात घेऊन जा, नुसतं तोंडी वर्णन केलं की भलतंच हातात पडतं.

डब्याचं अंग मी तीन तुकड्यांत करतो. पुढची भिंत, तळ आणि मागची भिंत मिळून एकच यू, आणि दोन बाजू वेगळ्या. यू ४०० मिमी रुंद, भिंती २९० मिमी उंच, तळ ३६० मिमी. बाजूंच्या पत्र्यांना तीन कडांना २० मिमीच्या घड्या, त्या यूच्या आत जाऊन रिव्हेट होतात. आता इथे मी जी चूक केली ती तुम्ही करू नका. बाजूचा पत्रा यूच्या आत बसणार, म्हणजे तो दोन जाड्यांनी लहान हवा, १.५ मिमीच्या पत्र्याला ३६० नाही तर ३५७, आणि उंचीला एका जाडीने कमी, २८८.५. मी दोन्ही ३६० कापून आणले आणि एक पूर्ण संध्याकाळ कानस घासत बसलो. बेंडिंगवाल्याला नेहमी घडी घातल्यानंतरची बाहेरची मापं लिहून द्या आणि कागदावर मोठ्या अक्षरात "बाहेरचं माप" असं लिहा, घडीत किती पत्रा खपतो तो हिशोब त्याच्या मशीनप्रमाणे तो करेल.

चारही भिंतींच्या वरच्या कडेला आत १२ मिमीची घडी घ्या. तिच्यामुळे पत्रा ताठ होतो आणि झाकणाचं रबर बसायला सपाट पट्टी मिळते.

जोडायला आर्गन वेल्डिंग की रिव्हेट? वेल्डिंग सुंदर दिसतं, पण १.५ मिमीच्या पत्र्यावर हात बसलेला माणूस पाहिजे, नाहीतर पत्रा पोळीसारखा फुगतो, आणि वेल्डच्या शेजारी ५०५२ मऊ पडतो तो वेगळाच. रिव्हेट घरी होतात आणि उद्या एखादी बाजू चेपली तर रिव्हेट ड्रिलने उडवून ती एकटी बदलता येते. ४.८ मिमीचे, बंद टोकाचे रिव्हेट घ्या म्हणजे मधून पाणी येत नाही, ४.९ किंवा ५ चं ड्रिल, दोन रिव्हेटमध्ये ४० ते ५० मिमी, आणि कडेपासून निदान १० मिमी आत. जोडाच्या मध्ये पॉलियुरेथेन सीलंटची बारीक रेघ सोडून मगच रिव्हेट मारा, नंतर बाहेरून फासलेलं सीलंट वर्षभरात सुटतं. आधी सगळ्या भोकांत तात्पुरते बोल्ट घालून गुणियाने काटकोन तपासा. वरच्या कडेपासून ३० मिमीपर्यंत रिव्हेट नको, डोकी बाहेर येतात आणि झाकण त्यांच्यावर अडतं.

झाकण

झाकण म्हणजे जुन्या कडीच्या डब्याचं झाकण डोळ्यांसमोर आणा, अंगावरून २० मिमी खाली उतरणारं. आतून मोजून डब्यापेक्षा सगळ्या बाजूंनी ३ मिमी मोठं, म्हणजे ४०६ बाय ३६६. वरचा पत्रा मध्ये किंचित उचललेला हवा किंवा त्याला आडवी घडी हवी, अगदी सपाट ठेवला तर पाणी साचतं आणि गाडीच्या थरथरीवर पत्रा ढोलकीसारखा वाजतो.

बिजागरी पुढे, म्हणजे बसणाऱ्याच्या बाजूला. चालत्या गाडीत लॅच सुटलं तर वारा झाकण दाबायला बघेल, मागे बिजागरी असती तर पुढून वारा आत शिरून झाकण उलटं फेकलं असतं. लांब पियानो बिजागरी वापरा, भार पूर्ण कडेवर वाटला जातो. ती झाकणाच्या उतरत्या कडेच्या खालच्या टोकाला लावायची, वर नाही. वर लावली तर झाकण उघडताना त्याची कड डब्याच्या भिंतीत घुसते आणि दोन बोटांपलीकडे उघडतच नाही. पटत नसेल तर बुटाच्या खोक्यावर चिकटपट्टी लावून करून बघा, मी तसंच समजून घेतलं. झाकण काटकोनाच्या थोडं पुढे जाऊन थांबावं म्हणून आत एक पट्टा.

बंद करायला मागे दोन टॉगल लॅच, पिळून ताण कमी-जास्त करता येतो असे, आणि त्यातल्या एकाला तरी कुलपाची सोय. मध्ये एकच लॅच लावलं तर कोपरे उचलले जातात आणि रबर तिथे दाबलं जात नाही. रबर डी आकाराचं पोकळ घ्या, १० मिमीचं. जोड मागे नको, पुढे बिजागरीच्या बाजूला मध्यभागी ठेवा.

पाणी वरून येतं असं सगळ्यांना वाटतं. वरून येणारं झाकण अडवतं हो. त्रास देतं ते मागच्या चाकाने उडवलेलं, कारण डब्यामागे हवेची पोकळी होते आणि चिखलाचा फवारा त्यात ओढला जाऊन लॅचच्या बाजूने वर चढतो. ताम्हिणीत जुलैमध्ये एकदा जाऊन या, मग मागच्या कडेवर मेहनत का घ्यायची ते कळेल. तपासायला आत कोरडा पेपर पसरा, झाकण लावा आणि पाइपने दहा मिनिटं पाणी मारा, त्यातली पाच मिनिटं खालून वर आणि मागून. पेपरवरचा ओला डाग गळती कुठे आहे ते बरोबर दाखवतो. एवढं करूनही आत एक गुंडाळून बंद होणारी वॉटरप्रूफ बॅग ठेवाच. एका रात्रीच्या मुक्कामाला मी ती बॅगच उचलतो, डबा कुलपात गाडीवर. डबा काढायचा तो दोन-तीन दिवस एका जागी थांबणार असू तेव्हा, आणि घरी आल्यावर.

रंग तुमच्या आवडीचा. पावडर कोटिंग टिकतं, पण ते सीलंट, रबर आणि रिव्हेटच्या आधी, सुट्या तुकड्यांवर करून घ्या, भट्टीत रबर जळतं. मागे आणि बाजूंना लाल रिफ्लेक्टिव्ह टेप लावा. ब्रेकलाइट वगैरे डब्यावर मी लावत नाही, काढता येणाऱ्या वस्तूत वायर आली की पहिली तीच तुटते.

एक मात्र विसरू नका, स्टीलचे बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आलं आणि वर कोकणातली खारी हवा लागली की अ‍ॅल्युमिनियम पांढरं भुकटीसारखं व्हायला लागतं. बोल्टखाली नायलॉनचे वायसर आणि दांड्याला ग्रीस. लोखंडी हुकांना झिंक प्लेटिंग किंवा रेड ऑक्साइडवर रंग, आणि हुक-पत्रा यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा.

चाचणी

रिकाम्या डब्याने चाचणी करू नका आणि पहिल्याच दिवशी लांबही जाऊ नका. आठ किलो तांदूळ मोजून घ्या, दोन पिशव्यांत, एक आत मागे आणि एक पुढे, गच्च बसतील असे. डबा धरून गाडी जोरात हलवा, गाडी हलली पाहिजे, डबा नाही. मग सोसायटीच्या स्पीडब्रेकरवरून पाच-सहा फेऱ्या. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून पत्र्यावर नेलपॉलिशची एक रेघ ओढून ठेवा, रेघ तुटली म्हणजे बोल्ट फिरला. २० किलोमीटरनंतर सगळे परत आवळा, २०० नंतर पुन्हा बघा.

पाचशे किलोमीटरनंतर तडे शोधायचा जुना वर्कशॉपचा उपाय करा. बोल्टभोवती रॉकेल लावा, पाच मिनिटांनी कोरडं पुसा, वर खडू घासा. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल खडूवर बारीक रेषेत उमटतं. हल्ली रॉकेल मिळायची मारामार, डिझेलनेही होतं.

लोड घेतल्यावर मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा दाब) वाढवा, टायरची हवा मॅन्युअलमध्ये मागे माणूस बसल्यावर जितकी सांगितलीय तितकी ठेवा, आणि रात्री एकदा भिंतीवर हेडलाइट मारून बघा, गाडी मागून दबली की लाइट समोरच्याच्या डोळ्यांत जाते. डबा भरताना जड वस्तू तळाला आणि पुढच्या भिंतीला चिकटून, कपडे वर. पाण्याच्या बाटल्या आणि हत्यारं शक्यतो डब्यात नकोतच, ती सॅडल बॅगेत खाली. बऱ्याच कंपन्या स्वतःच्या टॉप बॉक्सवर वेगमर्यादा छापतात, मी माझ्या डब्याला ९० ची घातलीय. कधी हँडल हलकं वाटून गाडी नागमोडी डुलायला लागली तर जोरात ब्रेक मारू नका, हँडल घट्ट आवळू नका, थ्रॉटल हळूहळू सोडा, आणि थांबल्यावर सामान पुढे सरकवा.

माझा डबा काढायला आता मला चाळीसेक सेकंद लागतात, त्यातले निम्मे झाकणाचं कुलूप उघडण्यात जातात. डबा माळ्यावर गेला की प्लेट गाडीवरच असते, खाचांत रबरी बुचं घालून ठेवतो, आणि रविवारी सकाळी गिरणीत न्यायचा दळणाचा डबा त्याच प्लेटवर दोन बंजी कॉर्डनी बसतो, बायकोच्या मते सगळ्या खटाटोपातला हाच खरा उपयोग.